भिंतीवरचे कौतुक आणि मामेबहिणीचा कान

पत्राचा सारांश: गोव्यातल्या बार्देस तालुक्यात राहणाऱ्या आणि पर्वरीला नोकरी करणाऱ्या २७ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गावाजवळच्या एका लहानशा टॅटूच्या दुकानात आपल्या मनगटावर दिवंगत आजीची सही गोंदवून घेतली. काम सुबक झाले, दुकानदार तरुण अदबीने वागला, म्हणून त्यांनी इंटरनेटवर पाच तारे देऊन भरभरून कौतुक लिहिले. दुकानदाराने ते त्यांच्या छायाचित्रासह छापून भिंतीवर लावले. यंदा १५ जूनला त्यांची १९ वर्षांची मामेबहीण त्यांच्या शब्दावर विसंबून तिथेच गेली आणि कानाची वरची कड टोचून आली. टोचताना ‘गन’, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर खुंटी कानात घुसवणारे यंत्र, वापरली होती. २४ जूनला, विहिरीत उड्या मारण्याच्या सां जांवच्या सणादिवशी, ती मैत्रिणींबरोबर शिवोलीला गेली आणि तिने विहिरीत उडी मारली. महिनाअखेरीस कान सुजला, ताप आला. घरी हळद-तेल लावण्यात चार दिवस गेले, मग रुग्णालयात पू काढावा लागला आणि आता कानाची कड दुमडल्यासारखी दिसते. दुकानदाराच्या मते दोष विहिरीतल्या उडीचा आहे. टोचण्याचे ८०० रुपये परत द्यायला तो तयार आहे, मात्र कुठेही काही लिहायचे नाही, अशी त्याची अट आहे. तो ओळखीतला आहे आणि घरचा एकटा कमावता आहे. मामांनी बोलणे टाकले आहे. आई म्हणते, “लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सांगितले होते कुणी? आता तरी गप्प बस.” पत्रलेखिका विचारतात: कौतुक काढून टाकू, उलट लिहू की गप्प राहू? आणि यात चूक माझी आहे का?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र चार पानांचे आहे. त्यातली साडेतीन पाने तुम्ही लिहिलेल्या कौतुकाचे काय करायचे याविषयी आहेत आणि कानाविषयी एवढेच वाक्य आहे की, “आता तसा बरा आहे.” मी त्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

कानाची पाळी मऊ असते, तिला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तिथे टोचलेले भोक साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरून येते. वरची कड मात्र कूर्चेची, म्हणजे लवचीक मऊ हाडाची, असते. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि तिच्यावरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्या पोषणावर ती जगते, म्हणून तिथली जखम पूर्ण भरायला ६ महिन्यांपासून वर्षभराचा काळ लागू शकतो. तिथे पू झाला, की तो हे आवरण कूर्चेपासून सुटे करतो, खालची कूर्चा उपाशी पडून मरते आणि कानाचा आकार बसतो. तुमच्या मामेबहिणीची कड दुमडली ती बहुधा अशीच. या संसर्गामागे अनेकदा सूडोमोनस नावाचा, पाण्यात आणि ओलसर जागी वाढणारा जिवाणू असतो आणि घरातल्या औषधांच्या डब्यात उरलेल्या नेहमीच्या गोळ्या त्याच्यावर बहुतेकदा चालत नाहीत. ज्यांनी हल्लीच वरचा कान टोचून घेतला आहे त्यांनी एक खूण लक्षात ठेवावी: कानाचा वरचा भाग लाल, गरम आणि बोट लावू न देणारा होतो, पण खालची पाळी मात्र नेहमीसारखीच असते. असा कान दिसला तर हळदीची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. दागिना आपण उपटू नये, तो काढायचा की ठेवायचा हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. मामेबहिणीला तुम्ही बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, घेऊन जा आणि पुढे आकार सुधारता येईल का, संसर्ग पूर्ण शमल्यानंतर किती काळाने, हे नीट विचारून घ्या.

आता तुमच्या अपराधी भावनेविषयी. तुम्ही कौतुक केले होते ते गोंदण्याचे. त्यात शाई कातडीत साधारण १ ते २ मिलिमीटर खोल सोडतात. सरावलेला हात आणि रेघेवरची नजर हे त्यातले कसब. टोचण्यात मांस भेदून तिथे महिनोन्‌महिने धातू ठेवायचा असतो. जागा, कोन, दागिन्याची लांबी आणि धातूची जात यांचे ज्ञान हे त्यातले कसब. एकाच पाटीखाली दोन्ही कामे होतात म्हणून दोन्ही सारखीच येत असतील, हे तुमच्या मामेबहिणीने गृहीत धरले आणि तुम्हीही. एखाद्या खाणावळीत माशाचे हुमण झकास मिळते म्हणून तिथली खीरही तशीच असेल असे आपण धरून चालत नाही, पण इथे तेच झाले.

याहून खोलवरचे एक गृहीतक तुमच्या पत्रात आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. तुम्ही लिहिता, “माझ्या वेळी सगळे इतके छान झाले होते, मग तिच्या वेळी असे कसे?” म्हणजे निकालावरून दुकानाची परीक्षा करावी असे तुम्ही मानता: तुमचा निकाल चांगला म्हणून दुकान चांगले, तिचा वाईट म्हणून दुकान वाईट. आजीच्या सहीची रेघ सरळ आली यावरून हात स्थिर होता एवढे कळते. सुई निर्जंतुक होती की नाही हे रेघेवरून कळत नाही. निष्काळजी दुकानातूनही बहुतेक गिऱ्हाइके धडधाकट बाहेर पडतात, कारण शरीर पुष्कळ काही निभावून नेते, आणि काटेकोर दुकानातल्याही एखाद्याला संसर्ग होतो. त्यामुळे आपल्याला काय झाले यापेक्षा आपण तिथे काय पाहिले, हीच गिऱ्हाइकाची खरी साक्ष ठरते. तुम्ही सोबत पाठवलेला मूळ मजकूर मी त्या दृष्टीने वाचला. “दादा खूप प्रेमळ आहे,” “अजिबात दुखले नाही,” “दुकान एकदम चकाचक.” यातले एकही वाक्य खोटे नाही. पण फरशी चकाचक असणे म्हणजे अवजारे निर्जंतुक असणे नव्हे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला ज्या माहितीची गरज होती ती त्यात नव्हती. ही चूक म्हणायची असेल, तर ती आपण सगळेच करतो.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण माझ्या कानाची गोष्ट सांगते. मी आठ वर्षांची असताना आजीच्या हट्टामुळे माझे बुगडीचे भोक पाडले गेले. हल्लीच्या मुली ज्याला हेलिक्स म्हणतात ती जागा आपल्याकडे बुगडीची आहे, आणि भिकबाळी घालणारे पुरुषही वरचा कानच टोचून घेत, त्यामुळे हे नवे खूळ आहे अशी तक्रार निदान आपण तरी करू नये. आमच्याकडे शेट, म्हणजे सोनार, घरी आला, ओसरीवर बसला, सोन्याच्या तारेचे टोक त्याने कानशीवर घासून अणकुचीदार केले आणि तेच टोक कानातून आरपार काढून तिथल्या तिथे पिळून टाकले. दोन महिने माझा कान ठणकत होता. आता विचार करताना लक्षात येते, की त्या पद्धतीत एक शहाणपण होते: तार ज्या कानात शिरली त्याच कानात राहिली, दुसऱ्या कुणाच्या कानाला तिचा स्पर्श झाला नाही. आणि एक मोठी उणीवही होती: तार पिळणारा चिमटा त्याच्या कमरेच्या पिशवीतून आला होता आणि पुन्हा त्याच पिशवीत गेला. “शेटचा हात हलका,” असे सगळा वाडा म्हणे. चिमट्याबद्दल कधी कुणी बोलले नाही. तुमच्या पाच ताऱ्यांचेही तेच आहे.

मग पाहायचे काय? वरच्या कानासाठी गन पुढे आली तर उठून यावे, हे पहिले. गनमधली खुंटी तुलनेने बोथट असते आणि स्प्रिंगच्या जोरावर ती कूर्चा चेचत आत जाते. बहुतेक गनचे अंग प्लास्टिकचे असल्याने ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने अवजारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, उष्णतेत ती निर्जंतुक करता येत नाही, आणि मागचे फुलपाखरासारखे पेच सुजलेल्या कानाला जागाच ठेवत नाही. जाणता माणूस एकदाच वापरायची पोकळ सुई घेतो, सूज सामावेल असा थोडा लांब दांड्याचा दागिना घालतो आणि काही आठवड्यांनी तो आखूड दांड्याने बदलायला बोलावतो. दागिना कोणत्या धातूचा, हे स्पष्ट विचारावे. शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम हे समाधानकारक उत्तर आहे, “सोन्याचे पाणी दिलेले” हे नाही, कारण त्या पाण्याखाली बहुधा निकेल असते आणि अनेकांना त्याची ॲलर्जी असते. घरात कुणाच्या व्रणावर वाढती गाठ, म्हणजे केलॉइड, येत असेल तर टोचण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

सुईचे पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडले जाते का? पुन्हा वापरायची अवजारे ज्या पाकिटातून निघतात त्यावरची खूण रंग बदललेली आहे का? ऑटोक्लेव्हमध्ये साधारण १२१ अंश सेल्सियसच्या दाबाखालच्या वाफेत अवजारे किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात आणि ती खूण तिथल्या उष्णतेनेच बदलते. मात्र ‘स्टरिलायझर’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेला निळ्या दिव्याचा डबा म्हणजे ऑटोक्लेव्ह नव्हे. शाई मोठ्या बाटलीतून लहान टोपणात ओतून उरलेली फेकतात, की सुई थेट बाटलीत बुडवतात? वापरलेली सुई टोचून फाटणार नाही अशा डब्यात जाते, की कचऱ्याच्या पिशवीत? आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे फोन. हातमोजे घातलेले असताना फोन वाजला, तो उचलला आणि त्याच हातमोज्यांनी काम पुढे सुरू झाले, तर भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे असोत, त्या माणसाला स्वच्छतेचा अर्थ कळलेला नाही. पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना हा धंदा करण्याचा परवाना आहे. दर मंगळवारी कुणी येऊन त्याचा ऑटोक्लेव्ह तपासते असा त्याचा अर्थ नाही.

दुकानदाराचा विहिरीचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. ताज्या जखमेने विहिरीत, नदीत, समुद्रात किंवा तरणतलावात उतरू नये हे खरेच आहे आणि नवव्या दिवशी मारलेली उडी संसर्गाला पुरेशी ठरू शकते. तितकीच गनही ठरू शकते. नेमके कशामुळे झाले हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही आणि म्हणूनच “तुझ्यामुळे झाले” हे वाक्य तुम्हीही त्याच्यासमोर उच्चारू नका. विचारायचे ते वेगळे: तिला सांगितले होते का? गोव्यात १५ जूनला कान टोचणाऱ्या माणसाला २४ तारीख ठाऊक असते. डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारायचा दिवस नऊ दिवसांवर आला आहे आणि समोर १९ वर्षांची मुलगी बसली आहे. तिला “यंदा काठावरून बघ” एवढे सांगणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. तसेच हेल्मेटचे. आपल्याकडे दुचाकीवाचून कुणाचे पान हलत नाही आणि घट्ट हेल्मेट रोज दोनदा टोचलेल्या कानावरून ओढून काढले जाते, त्याबद्दलही तिला कुणी बोलले नव्हते. तुमच्या पत्राप्रमाणे तिला मिळालेली एकमेव सूचना होती, “काही वाटले तर फोन कर.” जखमेची काळजी गिऱ्हाइकाने घ्यायची हे मान्य, पण ती कशी घ्यायची हे त्याला लिहून देणे दुकानाचे काम आहे: दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाइनने पुसणे, दागिना न फिरवणे, तेल-हळद न लावणे, त्या कुशीवर न झोपणे आणि कोणत्या लक्षणांना थांबायचे नाही. अर्धे पान पुरते.

आता तुमची कृती. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत असे तुम्ही धरता आणि तिन्ही वाटा लिखाणाच्याच आहेत. त्याआधी दुकानात जा, दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा. सोनारानेच कान टोचावेत असे आपण म्हणतो ते हेच, की कटू गोष्ट ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने सांगावी. तुमचे शब्द त्याने चौकट करून भिंतीवर लावले आहेत, म्हणजे तुमच्या शब्दाचे वजन त्यानेच ठरवून ठेवले आहे. त्याच्याकडे तीन गोष्टी मागा. वरच्या कानासाठी आणि नाकासाठी गन बंद करावी. काळजीच्या सूचनांचा मराठी-कोंकणी कागद प्रत्येकाच्या हातात द्यावा. आणि तुमचे छापील कौतुक आजच भिंतीवरून उतरवून तुमच्या हवाली करावे. तिसऱ्या मागणीवर चर्चा नको. ते छायाचित्र तुमचे आहे.

त्याच्या पोटापाण्याची तुम्हाला काळजी वाटते हे तुमच्या मनाचे चांगुलपण आहे, परंतु तुम्ही गप्प राहिल्याने त्याचा धंदा सुरक्षित होत नाही. पुढच्या दुमडलेल्या कानापर्यंत तो लांबतो इतकेच. गन फेकून सुया आणायला फार मोठे भांडवल लागत नाही आणि तरुण माणूस हे शिकू शकतो. तो ऐकून घेईल का, यावर तुम्ही पुढे किती कडक लिहायचे ते ठरवा. लिहायचे की नाही, हा प्रश्न मात्र माझ्या मते उरलेला नाही, कारण तुमचे जुने शब्द आजही गिऱ्हाइके आत पाठवत आहेत.

जुने लिखाण पुसू नका. ते पुसले तर दोन वर्षांपूर्वीचा खरा अनुभवही जातो आणि आजचाही नोंदला जात नाही. तेच उघडून दुरुस्त करा, तारीख घाला आणि साधारण असे लिहा: “दोन वर्षांपूर्वी माझ्या मनगटावरचे गोंदण येथे चांगले झाले, तेव्हा स्वच्छतेबाबत मी काही पाहिले किंवा विचारले नव्हते. जूनमध्ये माझ्या नात्यातील मुलीच्या कानाची वरची कड येथे गनने टोचण्यात आली. लेखी सूचना मिळाल्या नाहीत. मधल्या काळात ती विहिरीच्या पाण्यात उतरली होती. पुढे संसर्ग होऊन रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. संसर्गाचे नेमके कारण मला सांगता येत नाही. मी दुकानदारांशी बोलले असून त्यांचे म्हणणे असे आहे…” आणि त्याने खरोखर जे सांगितले ते पुढे लिहा, गन बंद केली असेल तर तेही. विहीर वगळू नका; ती लिहिली म्हणून बाकीच्यावर विश्वास बसतो. ताऱ्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. खरे सांगायचे तर मला त्या ताऱ्यांचा कंटाळा आहे. द्यावेच लागतात म्हणून तुमच्या मनाला पटतील तेवढे द्या. “जल्लाद,” “लुटारू” असले शब्द वापरू नका. लोकांच्या हितासाठी सांगितलेले सत्य हा बदनामीच्या कायद्यातला मान्य अपवाद आहे, शिव्या नव्हेत. आणि मजकूर टाकण्याआधी मामेबहिणीला वाचून दाखवा. कान तिचा आहे, ती नको म्हणाली तर तिच्याविषयीचा भाग गाळून गनविषयी तेवढे लिहा.

त्या ८०० रुपयांचा निर्णयही तिचाच आहे. पैसे घ्यायला हरकत नाही, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर घेऊ नयेत आणि कशावरही सही करू नये. रुग्णालयाचा खर्च मागायचा असेल तर ग्राहक म्हणून हक्क तिचा आहे, तुमचा किंवा मामांचा नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ती आधी विचारू शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. दुकानाने बिल दिले नव्हते, तरी फोनवरून भरलेल्या पैशांची नोंद, कानाची तारीखवार छायाचित्रे आणि रुग्णालयाचे कागद आत्ताच एका जागी ठेवा.

एक गोष्ट तुमच्या स्वतःसाठी. त्या दुकानातली सुई तुमच्याही कातडीत गेली आहे, तेव्हा हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांची एक रक्तचाचणी करून घ्या. घाबरवण्यासाठी सांगत नाही. दोन वर्षे उलटल्यामुळे एका चाचणीत निर्णायक उत्तर मिळेल, आणि एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात मोफत होते. मामेबहिणीसाठी या चाचण्या केव्हा कराव्यात ते तिच्या डॉक्टरांना विचारा. टोचल्यापासून १२ महिने तिला रक्तदान करता येणार नाही, हेही तिला सांगून ठेवा. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतली नसेल तर ती ६ महिन्यांत तीन मात्रांत पूर्ण होते; टॅटूचा बेत असलेल्या प्रत्येक वाचकाने ती आधी घ्यावी.

मामांकडे फोन न करता जा. तुम्ही सगळा दोष अंगावर घेऊन माफी मागावी असे मला वाटत नाही, कारण त्याने त्यांचा राग निवेल, पण त्यांच्या सज्ञान मुलीने स्वतः घेतलेला निर्णय तिच्याकडून काढून घेतल्यासारखे होईल. “मी जे पाहिले नव्हते त्याचीही हमी दिल्यासारखे लिहिले, ते मी दुरुस्त करते आहे,” एवढे पुरेसे आहे. मामी चहा टाकतील, मामा कदाचित उठून बाहेर जातील, जाऊ द्या. तुम्ही आत तिच्या खोलीत बसा आणि तिने दाखवला तरच कान बघा. बांबोळीला जायचा दिवस ठरवा. तिने हेल्मेट अजून घालायचे नसेल, तर चारचाकी घेऊन न्यायला तुम्हीच जा.